एकसष्ट किलो चारशे

पुस्तिका बत्तीस पानांची होती आणि त्यातल्या एकोणीस पानांवर ‘आपल्या डॉक्टरांना कळवा’ हे वाक्य होतं. थोरलीनं ते मोजलं होतं. मोजायला वेळ भरपूर मिळाला, कारण हॉस्पिटलच्या त्या मजल्यावर अर्ध्या तासात होईल म्हणून सांगितलेलं काम जेवणाच्या सुट्टीनंतरच उजाडत असे.

तिला एका अरुंद खोलीत बसवलं होतं आणि समोर टेबलावर प्लास्टिकचा एक गुलाबी हात मांडून ठेवला होता. हाताच्या दंडातून नळीचं टोक बाहेर आलेलं. पलीकडच्या वॉर्डात झोपलेल्या बाबांच्या दंडातूनही असंच टोक बाहेर आलं होतं, आणि त्या नळीचं दुसरं टोक शिरेतून आतल्या आत थेट हृदयाजवळ पोचलं होतं. बाहेरच्या टोकाला पंप जोडायचा, साबणाच्या डबीएवढा, आणि पंपाला औषधाची पिशवी. बाबांचं हृदय थकलं होतं. हे औषध चोवीस तास थेंबाथेंबानं आत जाऊन त्याला हात देणार होतं, आणि ती पिशवी रोज बदलायचं काम आता थोरलीच्या गळ्यात पडलं होतं.

पिशवी जोडायच्या पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. टोपी काढताना बोट नळीच्या तोंडाला लागलं.

“ताई, आत्ता तुम्ही काकांच्या रक्तात जंतू सोडलेत,” सिस्टर म्हणाली. तिच्या गणवेशाची इस्त्री इतकी कडक होती की ती वाकली तरी घडी मोडत नसे.

“हा प्लास्टिकचा हात आहे.”

“म्हणून वाचला.”

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकवीस वर्षं ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापणीवर होती. कापडाचे चाळीस थर एकावर एक रचून खडूच्या रेघेवरून कापायच्या यंत्राचं पातं असं फिरवायची की खालचा थर आणि वरचा थर सुताइतकाही मागेपुढे होत नसे. तिच्या हाताला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. पण इथं हाताला कोण विचारतो; इथं पुन्हा हात धुवा, पुन्हा टोपी पुसा, पंधरा आकडे मोजा, पुन्हा जोडा. पिशवी दोन तास आधी फ्रीजमधून बाहेर काढा. नळीत बुडबुडा दिसला तर थांबा. पंप मात्र कधीही, कुठल्याही कारणानं बंद करू नका. चौथ्या वेळी ती पास झाली, तेव्हा सिस्टरनं शाबासकी म्हणून तिच्या हातात पुस्तिका ठेवली.

संध्याकाळी डॉक्टर आले. ते उभ्या उभ्याच बोलत, दाराकडे तोंड करून.

“हे औषध हृदय बरं करत नाही, काका. हृदयाला रेटतं. त्यामुळे नजर ठेवायची ती पाण्यावर. रोज सकाळी वजन. एका दिवसात किलोपेक्षा जास्त वाढलं किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं, तर त्याच दिवशी फोन करायचा. मागे दोनदा तुम्ही छातीत पाणी भरल्यावर आलात. आता तिसऱ्यांदा तसेच आलात, तर घरी पंप द्यायचा की नाही याचा विचार करावा लागेल. मग इथंच राहायचं.”

बाबा त्या वॉर्डात बेचाळीस दिवस होते. छताच्या चौकोनांपैकी कुठला चौकोन कुठल्या बाजूला किती झुकलाय हे त्यांना पाठ झालं होतं. डॉक्टरांच्या एवढ्या बोलण्यातून त्यांनी ‘मग इथंच राहायचं’ तेवढं उचललं. हे अर्थात थोरलीला तेव्हा कळलं नाही. ती बिचारी पिशवी किती वाजता फ्रीजबाहेर काढायची याचा हिशेब मनात जुळवत होती.

घरी आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते म्हणजे पंपासाठी कमरेचा पट्टा शिवला. हॉस्पिटलनं दिलेला पट्टा बाबांच्या अंगावर लोंबत होता. तिनं टेप काढली, बाबांच्या कमरेचं माप घेतलं, चौतीस इंच, ते भिंतीवरच्या कागदावर टिपलं आणि तासाभरात जाड सुती कापडाचा खिसेवाला पट्टा तयार केला. बाबांनी तो आरशात पाहिला आणि म्हणाले, “बसकंडक्टर दिसतोय.” म्हणजे आवडला.

आवडला नाही तो वजनकाटा.

हॉस्पिटलनं काचेचा चपटा विजेरीचा काटा बरोबर दिला होता. बाबांनी तो उलटा केला, चष्मा लावून खालची बाजू निरखली आणि नाक मुरडलं. बाबांनी चव्वेचाळीस वर्षं लोकांचे काटे दुरुस्त केले होते. किराणा दुकानातले, सोनारांचे, गोदामातले, बाळांना तोलायचे. गावातल्या निम्म्या व्यापाऱ्यांना त्यांचं नाव माहीत नव्हतं, ते ‘काटेवाले’ म्हणूनच हाक मारत. गिऱ्हाइकाला गंडवायला म्हणून काटा जरा पन्नास ग्रॅम इकडे सरकवून द्या, असं सांगणारे व्यापारीही त्यांना भेटले होते, आणि त्या सगळ्यांना त्यांनी काटा न उघडताच परत पाठवलं होतं.

“याला शिक्का नाही. कुणी तपासला, कधी तपासला, काही पत्ता नाही,” बाबा म्हणाले. “आणि काच. काचेवर माणूस तोलतात का?”

“बाबा, त्यांनी हाच वापरायला सांगितलाय.”

“मग त्यांनाच तोल याच्यावर.”

त्यांनी आपल्या कामाच्या खोलीतून दांडीचा काटा बाहेर ओढायला लावला. लोखंडी पाट, उभा खांब, आडवी दांडी आणि तिच्यावर सरकणारं वजन. माणूस पाटावर उभा राहिला की वजन सरकवत न्यायचं, दांडी आडवी स्थिर झाली की आकडा वाचायचा. हा काटा त्यांनी स्वतः जुळवलेला होता, आणि त्यांच्या मते दोनशे मैलांत असा दुसरा नव्हता.

थोरलीनं पुस्तिका उघडली. ‘वजनाबाबत शंका असल्यास आपल्या डॉक्टरांना कळवा.’ डॉक्टरांना लावलेला फोन मदत क्रमांकावर गेला. मदत क्रमांकानं तिला एक दाबा, मग चार दाबा, मग पुन्हा एक दाबा असं करत सव्वीस मिनिटं संगीत ऐकवलं. शेवटी एक मुलगी बोलली.

“काटा कुठलाही चालेल. रोज तोच हवा.”

“घरचा आहे. वडिलांनीच जुळवलेला.”

“चालेल ना. रोज तोच हवा.”

सव्वीस मिनिटांत मिळालेलं एवढंच. थोरलीनं कपाळावर हात मारून घेतला आणि काटा बाबांच्या पलंगाजवळ भिंतीला लावून ठेवला.

मग दिवसांची चाकोरी पडली. सकाळी सहाला ती पिशवी फ्रीजबाहेर काढायची. तोवर बाबा उठून काट्याशी उभे असायचे. तोलण्याआधी काटा शून्यावर आणायचा, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. शून्य न लावता तोलणारा माणूस त्यांच्या लेखी चोरच. ते दांडीच्या टोकाचा पितळी नट दोन बोटांत धरून इकडे तिकडे फिरवायचे, डोळा बारीक करून दांडीकडे बघायचे, आणि मग पाटावर चढायचे. वाचायचं त्यांनी आणि लिहायचं थोरलीनं, अशी वाटणी त्यांनीच करून टाकली होती.

“एकसष्ट किलो चारशे.”

ती तक्त्यावर लिहायची. आठ वाजता हात धुवायची, टोपी पुसायची, पंधरा मोजायची, पिशवी बदलायची. पाणी, चहा, सूप मिळून दिवसाला दीड लिटर, त्याच्यावर घोटभरही नाही, म्हणून बाबांचा प्रत्येक पेला मापाचा. यात भर म्हणून पंप कधीही किंचाळायचा. पहिल्याच सकाळी तो किंचाळला तेव्हा तिच्या हातातला चहा सांडला. पुस्तिकेत पाहते तर ‘गजर वाजल्यास आपल्या डॉक्टरांना कळवा.’ बाबांनी शांतपणे कुशीखाली दबलेली नळी सोडवली आणि गजर थांबला.

“यंत्र ओरडलं की आधी यंत्राकडं बघावं. पुस्तकात काय बघतेस?” ते म्हणाले.

धाकटा भाऊ दूर दुसऱ्या देशात होता. तो रोज फोनच्या पडद्यावर उगवायचा आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकायचा.

“ताई, मीठ किती देतेस?”

“देतच नाही.”

“मी वाचलं की मीठ अजिबात द्यायचं नसतं.”

“म्हणूनच देत नाही.”

“पण तू मोजतेस ना?”

न दिलेलं मीठ कसं मोजायचं हे त्यानं सांगितलं नाही. मग तो वजन विचारायचा, ती सांगायची, आणि तो म्हणायचा, “झकास. एकदम स्थिर.” कारखान्यातून मुकादमीणबाईंचा फोन यायचा: रजा संपत आली, नव्या मुलीनं सहाशे बाह्या उलट्या कापल्यात, कधी येतेस. थोरली दोन्ही फोन ठेवून स्वयंपाकघरात जायची आणि भांडी नको इतकी आदळायची.

सातव्या दिवशी सिस्टर घरी आली, दंडावरची पट्टी बदलायला. खाली गाडी थांबवून ठेवली होती आणि तिला त्या दिवशी आणखी पाच घरं करायची होती. तिनं तक्ता पाहिला. एकसष्ट चारशे, एकसष्ट चारशे, सात वेळा एकसष्ट चारशे.

“असं घर मी पाहिलं नाही,” ती म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या तोंडून चांगला शब्द निघाला. “लोक काय काय लिहून ठेवतात. काही जण तर आठवड्याचे आकडे एकदम बसून भरतात, शाईवरून कळतं.”

“झोपताना आता दोनाऐवजी तीन उशा लागतात त्यांना,” थोरली म्हणाली. “आणि पाय बघा जरा.”

बाबांनी मोजे काढायला नको म्हटलं, थंडी वाजतेय म्हणाले. सिस्टरनं मोज्यावरूनच घोटा दाबून पाहिला.

“सूज आहे थोडी. पाय वर ठेवत जा, काका. वजन जागेवर आहे ना, मग काळजी नाही. पाणी असतं तर काट्यानं सांगितलं असतं.”

थोरलीला बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. दुसऱ्या दिवशी बाबा जेवायला टेबलापर्यंत आले नाहीत, खिडकीतून रस्ता दिसतो म्हणून पलंगावरच ताट मागितलं. बोलताना ते वाक्य मध्येच सोडून श्वास घेत आणि मग उरलेलं वाक्य नको असल्यासारखं टाकून देत. तिनं पुन्हा मदत क्रमांक लावला. एक, चार, एक. संगीत.

“वजन किती आहे?” या वेळी एक मुलगा होता.

“एकसष्ट चारशे. पण त्यांना दम लागतोय.”

“पहिल्या दिवशी किती होतं?”

“एकसष्ट चारशे.”

“मग पाणी नाहीये. दम जास्तच लागला तर डॉक्टरांना कळवा.”

“तेच तर करतेय मी.”

“हो, नोंद झालीय तुमची.”

कुठंतरी तिची नोंद झाली होती. त्या नोंदीचं काय लोणचं घालायचं, हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण फोन बंद झाला होता. सगळ्यांचा विश्वास काट्यावर. तिच्याही डोळ्यांपेक्षा काटा खरा, कारण तो काटेवाल्यांचा काटा. आपल्यालाच उगीच शंका येतात, रजेनं डोकं फिरलंय, असं तिनं स्वतःला बजावलं.

नवव्या दिवशी सकाळी नेहमीसारखं वजन झालं. एकसष्ट चारशे. तिनं लिहिलं. मग पिशवी बदलायला म्हणून बाबांचा सदरा वर केला आणि तिची नजर पायजम्याच्या नाडीवर गेली. गाठीच्या खाली नाडीची टोकं नेहमी वीतभर लोंबत असत. आता चार बोटंच उरली होती. पंपाच्या पट्ट्याकडे पाहिलं, तर शेवटच्या काजात गुंडी ओढून बसवलेली, आणि कापडाला ताण.

तिनं पिशवी बदलली, नळीत बुडबुडा नाही ते पाहिलं, आणि मग काही न बोलता टेप आणून बाबांच्या कमरेला लावली. साडेछत्तीस.

“काय करतेस?” बाबा म्हणाले.

“पट्टा सैल करायचाय.”

नऊ दिवसांत अडीच इंच. हात होते तसेच काटकुळे, आणि पोट अडीच इंच पुढे. कापणारीला टेप कशी धरायची हे कुणी शिकवायला नको. तिनं तरी तीनदा माप घेतलं. माणूस अडीच इंच वाढतो आणि तोळाभरही वाढत नाही, असं कुठं झालंय.

ती बाबांच्या कामाच्या खोलीत गेली. खालच्या फळीवर तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली पाच-पाच किलोची चार वजनं होती. त्यांना कुणी हात लावलेला बाबांना खपत नसे. तिनं दोन खेपांत ती चारही आणली आणि बाबांच्या देखत काट्याच्या पाटावर ठेवली. वीस किलो. दांडीवरचं वजन तिनं सरकवत नेलं. दांडी आडवी स्थिर झाली ती सतरा किलो दोनशेवर.

तिनं आकडा दोनदा वाचला.

“दोन किलो आठशे कमी दाखवतोय,” ती म्हणाली.

बाबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

“रोज शून्य लावताना तुम्ही नट फिरवत होतात. माझ्यासमोर. आणि मी लिहीत होते. सिस्टरला म्हणाले, धाकट्याला म्हणाले, त्या फोनवरच्या पोरांना दहा वेळा म्हणाले, एकसष्ट चारशे. मला वेड्यात काढलंत, बाबा.”

“ओरडू नकोस.”

“मी ओरडत नाहीये.” आणि ती खरंच ओरडत नव्हती.

बाबांनी श्वास गोळा केला. “तिसऱ्या दिवशी एकदम किलोभर जास्त दाखवलं. मी म्हटलं काटा सरकला. खातोय मापानं, पितोय मापानं, वाढेल कुठून? म्हणून नट फिरवला. गिऱ्हाइकाचा माल रोज तोच असला आणि आकडा बदलला, तर दोष काट्याचा. आम्ही असंच बघतो.” ते थांबले. “चौथ्या दिवशी तू दूध तापवत होतीस तेव्हा वजनं ठेवून पाहिली. आदल्या दिवशी फिरवला तेवढाच काटा चुकत होता. म्हणजे आधी बरोबर होता.”

“मग?”

“मग काय. फिरवत राहिलो.”

“का?”

“डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलं नाहीस? पाणी भरून आलात तर इथंच राहायचं. आकडा वाढला की फोन, फोन केला की गाडी, गाडी आली की तो पलंग. मला तिथं मरायचं नाही.” त्यांनी तोंड पुसलं. “चव्वेचाळीस वर्षांत एकाच गिऱ्हाइकाला खोटा काटा लावून दिला, तो स्वतःला.”

थोरलीला वाटलं, ती चारही वजनं खिडकीतून बाहेर फेकावीत. बाबांवर राग होता, आणि त्याहून जास्त स्वतःवर, की घरात नऊ दिवस माणूस फुगत गेला आणि आपण हात धुण्याचे आकडे मोजत बसलो. तिनं मदत क्रमांक लावला नाही. पुस्तिकेच्या मागच्या पानावर सिस्टरनं पेन्सिलीनं आपला नंबर लिहिला होता, अगदीच अडलं तर म्हणून. तिनं तो फिरवला आणि एका दमात सगळं सांगितलं. माप, उशा, नट, सगळं.

सिस्टरनं दम किती लागतोय ते विचारून घेतलं. मग म्हणाली, “मी गाडी पाठवते. काकांना बसवूनच ठेवा, आडवं करू नका. पंप चालू राहू द्या.” आणि मग, जरा वेळानं, तिचा आवाज बदलला. “ताई, तिसऱ्या दिवशी फोन का नाही केलात हो? पाणी काढायची गोळी दुप्पट केली असती दोन दिवस. घरीच. बहुतेकांचं तेवढ्यात भागतं. रोज वजन करायचं ते त्यासाठीच असतं, हॉस्पिटलात यायला लागू नये म्हणून.”

थोरलीनं पुस्तिका पुन्हा पहिल्या पानावर आणली.

“हे कुठं लिहिलंय?” तिनं विचारलं.

“काय?”

“फोन केला की गोळी वाढवता, उचलून नेत नाही, हे. बत्तीस पानांत कुठल्या पानावर लिहिलंय? वजन वाढलं तर कळवा, एवढंच आहे त्यात. कळवल्यावर काय होतं ते कुणी सांगितलं आम्हाला? तुम्ही सांगितलंत? डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला पाठ आहे.”

सिस्टर हळू आवाजात म्हणाली, “आम्हाला वाटतं की ते कळतंच.” मग घसा खाकरून पुन्हा नेहमीच्या स्वरात, “एक सांगते. येताना खरे आकडे असतील तर आणा. पाणी कुठल्या दिवशी किती चढलं ते कळलं तर डॉक्टरांना पंपाचा वेग नीट लावता येतो, पाणी उतरवून परत घरी सोडता येतं. आकडेच नसतील तर आठ-पंधरा दिवस तिथंच ठेवून बघावं लागेल.”

“आकडे नाहीत,” थोरली म्हणाली. “नऊ वेळा एकसष्ट चारशे आहे.”

गाडी वीस मिनिटांत आली. दोघा माणसांनी बाबांना खुर्चीत बसवून जिन्यानं खाली नेलं. पंपाचा पट्टा थोरलीनं आपल्या हातात धरला होता, नळीला ओढ बसू नये म्हणून. गाडीत बाबांना टेकून बसवलं, नाकाशी प्राणवायूची नळी लावली. थोरली समोरच्या बाकड्यावर, मांडीवर पुस्तिका आणि तक्ता. गाडी सुरू झाली.

बाबांनी विचारलं, “काय म्हणाली?”

“कोण?”

“सिस्टर. फोनवर तू भांडत होतीस. तिसऱ्या दिवशी कळवलं असतं, तरी न्यायलाच आले असते ना?”

थोरलीच्या तोंडाशी ‘हो’ आलं होतं. हो म्हटलं असतं तर म्हाताऱ्याला तेवढीच शांती. आपण केलं ते चूक असलं तरी त्यानं काही बिघडलं नाही, एवढं समाधान. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. नाकात नळी, दंडात नळी, आणि डोळे तिच्यावर रोखलेले, जसे ते दांडीवर रोखत. आणि तिला कळलं की आज हो म्हटलं, तर हा माणूस घरी परत आला तरी पुन्हा नट फिरवेल.

“नाही,” ती म्हणाली. “गोळी वाढवली असती दोन दिवस. घरीच. न्यायला कुणी आलं नसतं.”

बाबांनी डोळे मिटले. एका वळणावर त्यांची मान हलली तेव्हा तिनं पुढे होऊन उशी सरळ केली. त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं होतं, आणि ते पुसायला हात वर केला तर नळी ओढली जाईल म्हणून त्यांनी हात तसाच ठेवला होता. तिनं आपल्या ओढणीनं पुसलं.

“सांगायला काय झालं होतं त्यांना,” बाबा म्हणाले.

“तेच मी विचारलं.”

“मला वाटलं, आकडा म्हणजे…” गाडी सिग्नलला थांबली. मग ते म्हणाले, “तक्ता आहे का बरोबर?”

“आहे. त्याचा काय उपयोग? सगळा खोटा आहे. खरे आकडे असते तर लवकर घरी सोडलं असतं म्हणाली.”

“पेन आहे?”

तिनं पेन काढलं.

“तिसऱ्या दिवसापासून लिही. नट किती फिरवला ते मला माहीत आहे. रोज तू यायच्या आधी खऱ्या शून्यावर एकदा तोलून घ्यायचो मी.” त्यांनी श्वास घेतला. “बासष्ट पाचशे.”

थोरलीनं तिसऱ्या दिवसाच्या एकसष्ट चारशेवर रेघ मारली आणि शेजारी बासष्ट पाचशे लिहिलं.

“बासष्ट सहाशे,” बाबा म्हणाले. गाडी खड्ड्यातून गेली आणि तिचा सहाचा आकडा वाकडा झाला. “बासष्ट नऊशे.”

मग त्यांना दम लागला. छाती वरखाली होऊ लागली, ओठ निळसर दिसायला लागले. गाडीतल्या माणसानं वळून पाहिलं आणि प्राणवायूची कळ थोडी वाढवली.

“पुरे, बाबा,” थोरली म्हणाली. “तिथं गेल्यावर सांगा.”

त्यांनी नकाराची मान हलवली. चार बोटं वर केली, नळी नसलेल्या हाताची, अजून चार दिवसांचे आकडे राहिले म्हणून, आणि तिच्या मांडीवरच्या कागदाकडे दाखवलं.

ती पेन सहाव्या दिवसाच्या रकान्यावर धरून त्यांचा श्वास परत येण्याची वाट बघत बसली.

“त्रेसष्ट,” बाबा म्हणाले. “त्रेसष्ट शंभर.”